फाइलींच्या हक्कांचेही व्हावे ‘चावडी वाचन’
संगणकातील परवानग्या वाचनीय मजकुरात आणण्याचे तंत्र

सातारा/सांगली, खास प्रतिनिधी : जमीन कोणाची, कसतो कोण आणि तिच्यावर बोजा कोणाचा, हे सातारा-सांगलीकडचा शेतकरी सातबारा उताऱ्यावरून सांगतो. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक होय. त्यात मालकाखेरीज इतरांचे हक्क नोंदविण्यासाठी ‘इतर हक्क’ हा स्वतंत्र रकानाच असतो. संगणकातील प्रत्येक फाइलीलाही असाच एक उतारा जोडलेला असतो, याची मात्र फारच थोड्यांना कल्पना असते. फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी आणि कोणी तिला हातही लावू नये, याच्या या नोंदीला संगणकाच्या परिभाषेत ‘अॅक्सेस कंट्रोल लिस्ट’ म्हणतात. अडचण एवढीच, की ही यादी यंत्राच्या सोयीने अंकांत साठविलेली असते. तिचे माणसाला वाचता येईल अशा मजकुरात रूपांतर करणे हे प्रोग्रामरचे काम आहे. ते नीट झाले नाही, तर कोणाचा हक्क कोठे शिल्लक राहिला आहे हे कार्यालयातील कोणालाच कळत नाही.

नऊ खुणांची मर्यादा

युनिक्स प्रणालीची मूळ व्यवस्था सुटसुटीत होती. मालक, त्याचा गट आणि इतर सर्व असे तीन वर्ग. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालविण्याचा एक अशी बेरीज केली, की ‘६४०’ या आकड्याचा अर्थ लागतो : मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांना काहीच नाही.

परंतु गटाबाहेरच्या एकाच लेखापरीक्षकाला फाइल दाखवायची असेल, तर या नऊ खुणा अपुऱ्या पडतात. अधिकारांच्या विस्तृत यादीची कल्पना १९६० च्या दशकातील ‘मल्टिक्स’ प्रणालीत होती. युनिक्सच्या घराण्यासाठी तिचे प्रमाणीकरण करण्याचा प्रयत्न ‘पॉझिक्स’च्या मसुद्यात झाला. १९९७ च्या सतराव्या मसुद्यानंतर तो प्रयत्न सोडून देण्यात आला. तरीही त्याच मसुद्याच्या आधाराने पुढे लिनक्समध्ये ही सोय आली. डिसेंबर २००३ मधील लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत तिचा समावेश होता.

रूपांतर कसे होते?

याच मसुद्यात ‘एसीएल टू टेक्स्ट’ नावाचे फंक्शन आहे. ते यादीतील एकेक नोंद उचलते. नोंद मालकाची, विशिष्ट व्यक्तीची, गटाची की इतरांची हे पाहते. व्यक्तीचा क्रमांक खात्यांच्या नोंदवहीत शोधून त्याजागी नाव घालते आणि अधिकारांची अक्षरे लिहून एक ओळ पूर्ण करते. तयार झालेला मजकूर स्मृतीत जागा व्यापतो. काम संपल्यावर ती जागा मोकळी करण्याची जबाबदारी प्रोग्रामरची असते. नवशिके नेमके हेच विसरतात. ‘गेटफॅकल’ ही आज्ञा अशीच यादी पडद्यावर दाखविते.

एखाद्या कार्यालयातील वसुलीच्या फाइलीची यादी मराठीत मांडली, तर ती साधारण अशी दिसेल :

मालक : वाचणे, लिहिणे
व्यक्ती १००७ : वाचणे, लिहिणे (प्रत्यक्षात केवळ वाचणे)
गट लेखा : वाचणे
मर्यादा : वाचणे
इतर : काही नाही

यातील दोन ओळी नीट पाहण्याजोग्या आहेत. ‘मर्यादा’, म्हणजेच ‘मास्क’, ही गटांना आणि नावाने नोंदलेल्या व्यक्तींना मिळू शकणाऱ्या अधिकारांची कमाल पातळी असते. १००७ ला लिहिण्याचा अधिकार दिलेला असला, तरी मर्यादा वाचण्यापुरतीच असल्याने तो निष्प्रभ ठरतो. पुढे कोणी गटाचे अधिकार साध्या ‘सीएचमॉड’ आज्ञेने वाढवू गेला, तर प्रत्यक्षात ही मर्यादाच वाढते आणि निजलेला अधिकार जागा होतो. म्हणून कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्षातील अधिकार हे दोन्ही मजकुरात दिसले पाहिजेत.

नाव गेले, क्रमांक उरला

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. १००७ च्या जागी नाव का नाही? त्या कर्मचाऱ्याची बदली झाली, खाते काढून टाकले गेले. फाइलीवरील नोंद मात्र तशीच राहिली. लिनक्समध्ये नवे खाते उघडताना बहुधा वापरात असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक दिला जातो. काढलेले खातेच शेवटचे असेल, तर नव्या कर्मचाऱ्याला तोच १००७ मिळतो आणि जुन्याचे सारे हक्क वारसा नोंदीशिवाय त्याच्या नावावर चढतात! नंतर काढलेल्या यादीत त्याचे नाव असे सहजपणे दिसते, की कोणाला संशयही येऊ नये. यावर उपाय म्हणजे अहवालात नाव आणि क्रमांक दोन्ही छापणे, आणि ज्याला नाव सापडत नाही असा क्रमांक दिसताच त्याची चौकशी करणे.

विंडोजमध्ये असा क्रमांक सहसा पुन्हा दिला जात नाही. खाते गेल्यावर एक लांबलचक ओळखक्रमांक तेवढा उरतो. तेथेही विंडोज २००० पासून यादी मजकुरात उतरविण्याची सोय आहे. पण तो मजकूर म्हणजे कंसांतील सांकेतिक अक्षरांची माळ असते. ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘सर्वजण’, हे ठाऊक नसणाऱ्याला त्यातला धोका दिसणार नाही. मोडीतील दस्त डोळ्यांसमोर असूनही जाणकाराविना तो मुका राहतो, हा अनुभव २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात महाराष्ट्राने घेतलाच आहे. मजकूर असणे आणि तो वाचनीय असणे, यांत असे अंतर असते.

वाचले तरच दुरुस्ती

२०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका हुडकण्यासाठी राज्यात गावोगावी चावडी वाचन झाले. नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या, म्हणूनच ज्याची जमीन त्याला चूक दाखविता आली. फाइलींच्या हक्कांनाही हाच न्याय लावता येईल. महत्त्वाच्या फोल्डरची यादी दर महिन्याला मजकुरात काढावी, मागील महिन्याच्या यादीशी ताडून पाहावी आणि बदललेल्या ओळी तेवढ्या खातेप्रमुखापुढे ठेवाव्यात. हाच मजकूर जपून ठेवला, तर परवानग्या बिघडल्यावर ‘सेटफॅकल’ आज्ञेने त्या पूर्ववतही करता येतात.

यासाठी महागडी सामग्री लागत नाही. लिनक्सवरील ही साधने विनामूल्य आहेत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यात कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असताना या दोन जिल्ह्यांत जाणकारांची वाण पडू नये. यादीचा शुद्ध मराठीत अहवाल करून देणारा प्रोग्राम हा विद्यार्थ्यांसाठी छोटा पण उपयुक्त प्रकल्प ठरेल. फाइल कोणाकोणाला उघडते याचा उतारा कार्यालयप्रमुखाला स्वतः वाचता आला, तर बदलून गेलेल्या माणसाच्या हाती राहिलेली किल्ली वेळीच परत घेता येईल.