कोंबडी, कण्हेर आणि कॉटन ग्रीन

मुंबईतल्या रे रोडला परसदार कुणाकडे असणार? तरीही दारूखान्याच्या गल्ल्यांत, भंगाराच्या राशींच्या कडेला, गावठी कोंबड्या दिवसभर उकरत असतात. अंगण नसलं तरी त्यांच्या चोचीच्या टप्प्यात हिरवळ भरपूर आहे. दुभाजकावर कण्हेर, हार्बर रेल्वेच्या रुळांकडेला एरंड, डालड्याच्या डब्यात तुळस, कुठे एखादा शेवगा. यातलं काय खाल्लेलं चालतं आणि काय नाही?

कण्हेर सगळ्यात वाईट. गुलाबी असो की पिवळी बिट्टी, पानापासून बीपर्यंत सगळीकडे हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. मोकळी कोंबडी कडू पानाला सहसा तोंड लावत नाही, तिला कडू चव कळते. (गोड मात्र कळत नाही. ती चव ओळखणारं जनुकच पक्ष्यांच्या वंशात गळालंय.) खरा धोका छाटणीचा. कापलेला पाला खुराड्याशेजारी पडला आणि आत कोंडलेल्या कोंबडीला दुसरं हिरवं मिळालं नाही, तर ती तोच टोचते.

एरंड जपून, पण घाबरून नको. बियांत रिसिन असतं. घोडा त्या विषाला फार नाजूक. वजनाच्या मानाने कोंबडी त्याच्या कितीतरी पट बिया पचवते. तरी बिया झाडून टाकलेल्या बऱ्या. आणि हो, एरंडेल तेलात रिसिन उतरत नाही, ते चोथ्यातच राहतं.

मिरची खुशाल द्या! मिरचीचा जाळ पक्ष्यांना जाणवतच नाही. तिखट ओळखणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक कोंबडीत वेगळ्या घडणीचा असतो, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 2002 मध्ये दाखवलं. सस्तन प्राण्यांतला हाच ग्राहक शोधल्याबद्दल ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

झेंडू तर हवाच. दादरच्या फुलबाजारात सणानंतर उरलेल्या झेंडूच्या पाकळ्यांमधलं ल्युटिन हे रंगद्रव्य थेट बलकात उतरतं आणि बलक केशरी होतो. अंड्यांच्या धंद्यात झेंडूचा अर्क खाद्यात मिसळतात तो याचसाठी. मात्र फुलांवर फवारणी झालेली नसावी. शेवग्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ, पुदिना, तुळस, सगळं चालतं. अळू, मनीप्लांट, डिफेनबेकिया यांच्यात घसा खाजवणारे सुईसारखे स्फटिक असतात. कोंबडी एक चोच मारते आणि सोडून देते. ॲव्होकॅडोची पानं आणि साल मात्र पक्ष्यांच्या हृदयाला घातक. कुंडीत कोय रुजवली असेल तर उंचावर ठेवा.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. रे रोडचं शेजारचं स्टेशन कॉटन ग्रीन. तिथे कापसाचा बाजार भरायचा. कापूस आला की सरकी आली, आणि कोंबडीच्या खाद्यात सरकी जास्त झाली की अंड्याचा रंग पालटतो! सरकीतलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जुळतं आणि साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो. सरकीच्या तेलातली काही आम्लं बलकाभोवतीचा पडदा सैल करतात, लोह पांढऱ्यात झिरपतं आणि पांढरं चक्क गुलाबी दिसतं. हीच आम्लं जंगली बदामाच्या बियांत कितीतरी जास्त असतात. जंगली बदाम म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवरचं तेच झाड, ज्याच्या फुलोऱ्याच्या दिवसांत दुर्गंधीमुळे खाली उभं राहवत नाही. त्याची लाल, लाकडी बोंडं फुटून काळ्या बिया खाली पडतात, त्या कोंबड्यांपासून दूर ठेवा.

कोंबडीचे पिवळे पायसुद्धा हिरव्या पाल्याची आणि मक्याची देणगी. तो पिवळा रंग कातडीत साठवून ठेवणारं जनुक सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या जातीकडून आलं, असं 2008 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांचं एक आजोळ आपल्याकडचं.

पण रे रोडला मला काळजी वाटते ती झाडांपेक्षा जमिनीची. इथे वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली, आणि जहाजांच्या जुन्या रंगात शिसं असायचं. कोंबडी मातीत लोळते, खडे गिळते, चकचकीत दिसला तर तारेचा तुकडाही उचलते. न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागांमधल्या कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा जवळपास निम्म्या अंड्यांत शिसं सापडलं. असं अंडं पाहून किंवा चाखून ओळखू येत नाही, आणि शिशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो लहान मुलांना. उपाय मात्र सोपे आहेत. दाणा जमिनीवर उधळू नका, परातीत द्या. लोळायला एका घमेल्यात बाहेरून आणलेली स्वच्छ माती ठेवा. आणि रंगाचे पोपडे पडलेल्या जागी खुराडं मांडू नका.