‘चूक तुझीच होती’ असं सांगितलं, तर?

आजचा भाग चाकण, भोसरी, वाळूज, बुटीबोरीकडे रोज शिफ्टला जाणाऱ्या आपल्या दोस्तांसाठी. हेडफोन कानात आहेत ना? मग ऐका.

पॉवर प्रेसवर बोटं जातात हे सगळ्यांना माहीत असतं. पण कितीतरी अपघात उत्पादन चालू असताना होत नाहीत. जॉब अडकला, डाय बदलायची आहे, ग्रीस मारायचं आहे, म्हणून ‘दोन मिनिटांसाठी’ हात आत जातो. मोटर बंद केली की मशीन बंद, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. मेकॅनिकल प्रेसचं फ्लायव्हील नंतरही फिरत राहतं. हायड्रॉलिकमध्ये प्रेशर उरतं, हवेच्या लाइनमध्ये हवा उरते. वर उचललेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे माणूस: तुम्ही आत वाकलेले असता आणि पलीकडचा ‘झालं असेल’ म्हणून बटण दाबतो.

उपाय महागडा नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. स्विचवर नावाची पाटी. हवा आणि प्रेशर सोडून द्यायचं, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा, मग एकदा बटण दाबून बघायचं की खरंच काही हलत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात. टार्गेट असलेल्या शिफ्टमध्ये हीच मिनिटं कुणाला द्यायची नसतात, खरी गोम तिथे आहे.

आता अपघात झालाच तर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘चूक तुझीच होती.’ मला या वाक्याचा भयंकर राग येतो, कारण कायदा मुळात चूक कुणाची हे विचारतच नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली, एवढं पुरतं. निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई बुडत नाही. दारू पिऊन काम करणं किंवा गार्ड मुद्दाम काढणं, असले मुद्दे मालक काढू शकतो, पण ते सिद्ध करायची जबाबदारी त्याची. आणि गार्ड सुपरवायझरनेच काढायला लावला असेल, तर त्याला तुमचा ‘मुद्दाम’ कसा म्हणणार?

पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि कारखान्याला ईएसआय लागू असेल, तर उपचार तिथे. काम करता येत नाही तोपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के रक्कम मिळते. अपंगत्व कायमचं राहिलं, तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि दरमहा पैसे येतात. हा तात्पुरता लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही.

ईएसआय लागू नसेल तर 1923 च्या भरपाई कायद्याचा हिशोब. 25 वर्षांचा मुलगा, पगार 15,000, तर्जनी पूर्ण गेली: पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा आकडा 216.91, त्याचे 14 टक्के. होतात सुमारे 2 लाख 73 हजार. अंगठ्याला 30 टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाचा भाव असा लिहिलेला आहे. (नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, चुकीबद्दलचं तत्त्व तेच राहिलं.)

ठेकेदाराकडून लागलात? तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. आणि ‘50 हजार घे, सही कर’ म्हणून भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून घेतलं असेल, तर तो कागद कायद्यापुढे रद्द. पण सही करण्याआधी त्याचा फोटो नक्की काढा.

फोटोवरून आठवलं. अपघात झाल्यावरच घाईघाईने ईएसआयचं कार्ड काढून देणारे कारखाने आहेत. म्हणून आजच पगाराची स्लिप उघडा. ईएसआयची 0.75 टक्के कपात दिसते का? इन्शुरन्स नंबर आहे का? कपात आहे आणि नंबर नाही, तर उद्या एचआरला तोंडी नको, मेसेज करून विचारा. हजेरीचा, गेटपासचा फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.