एका मुलामागे एक माणूस

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात डेव्हिड सूकप नावाचे न्यायाधीश बाल न्यायालयाचं काम पाहत होते. घरात छळ किंवा हेळसांड झालेली मुलं त्यांच्यासमोर यायची. मूल आईवडिलांकडे परत पाठवायचं, की दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं, हा निर्णय त्यांना घ्यावा लागायचा. १९७६च्या सुमारास तीन वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण आलं आणि त्यांची झोप उडाली. सरकारी खात्याचं म्हणणं समोर होतं, आईवडिलांचंही होतं. पण त्या मुलीच्या बाजूनं, फक्त तिचाच विचार करून बोलणारं कोणीच नव्हतं.

अशा प्रकरणांत मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधी हवा, अशी तरतूद १९७४च्या कायद्यानं करून ठेवली होती. पण एवढे वकील आणायचे कुठून आणि पैसे कुठून द्यायचे? सूकप यांनी ठरवलं, सामान्य नागरिकांनाच विचारून पाहावं. चार-पाच जणांना दुपारी डबा घेऊन बोलवा, असं त्यांनी आपल्या कर्मचाऱ्याला सांगितलं. आले पन्नास जण. त्यातून १९७७मध्ये जे काम उभं राहिलं, ते आज ‘कासा’ या नावानं ओळखलं जातं. कासाचा स्वयंसेवक म्हणजे न्यायालयानं मुलासाठी नेमलेला पाठीराखा. १९८२मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना झाली आणि आता अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या राज्यांत हे काम चालतं.

याची गरज का पडते, हे समजायचं तर तिथल्या व्यवस्थेकडे पाहायला हवं. घरात सुरक्षित नसलेल्या मुलाला न्यायालयाच्या आदेशानं तात्पुरतं एखाद्या नातेवाइकाकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात ठेवतात. यालाच फोस्टर केअर म्हणतात. दर सहा महिन्यांनी प्रकरणाचा आढावा घ्यावा लागतो आणि बारा महिन्यांच्या आत मुलाच्या कायमच्या ठिकाणाबद्दल सुनावणी व्हावी लागते. मूल बावीसपैकी पंधरा महिने घराबाहेर राहिलं, तर आईवडिलांचे हक्क संपवण्याची मागणी खात्यानं करावी, असं १९९७चा कायदा म्हणतो. त्याला काही अपवाद आहेत. पण एकूण घड्याळ फार वेगानं पळतं आणि निकाल आयुष्यभराचा असतो.

या काळात मुलाच्या आसपास माणसं पुष्कळ असतात. समाजसेवक, वकील, समुपदेशक, शिक्षक, प्रतिपालक. पण समाजसेवकाच्या टेबलावर फायलींची चळत असते, आणि तो नोकरी सोडून गेला की नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मुलाचं घर बदलतं, घराबरोबर शाळा बदलते, शाळेबरोबर मित्र जातात. कासाच्या स्वयंसेवकाकडे मात्र एका वेळी एखाद-दुसरंच प्रकरण असतं आणि ते संपेपर्यंत त्यानं सोबत राहावं, अशी अपेक्षा असते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत पहिल्या सुनावणीपासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस तोच असतो.

स्वयंसेवक व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. वय २१ पूर्ण हवं. पार्श्वभूमीची कसून तपासणी होते, सुमारे तीस तासांचं प्रशिक्षण असतं आणि न्यायाधीशांसमोर शपथ घ्यावी लागते. मग न्यायालयाच्या आदेशानं त्याला फाइल वाचायला मिळते. तो मुलाला नियमित भेटतो. शाळेत जाऊन बाईंशी बोलतो, डॉक्टरांना विचारतो, आजीला गाठतो, आईवडिलांचंही ऐकून घेतो.

सुनावणीआधी तो लेखी अहवाल देतो आणि त्याच्या कामाची खरी ताकद या कागदात असते. ‘आई बेफिकीर आहे’ असं त्यात लिहायचं नसतं. ठरलेल्या भेटींपैकी किती भेटींना आई आली, किती चुकल्या, चुकल्या तेव्हा तिची कामाची पाळी होती का, बस किती वाजता सुटते, हे लिहायचं असतं. मुलाचा चष्मा तुटला असेल आणि नवा कोणी करून दिला नसेल, तर ते लिहायचं. धाकट्या बहिणीला दुसऱ्या घरी ठेवलंय आणि दोघांची भेटच झालेली नाही, तर भेटीचा आदेश मागायचा. न्यायाधीशांच्या आदेशात एक ओळ वाढली की चष्मा होतो आणि भावंडं भेटतात. मुलाला काय हवं आहे आणि स्वयंसेवकाला त्याच्या हिताचं काय वाटतं, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडायच्या. ‘मला आईकडेच जायचंय’ असं मूल म्हणत असेल, तर आपलं मत निराळं असलं तरी त्याचं म्हणणं न्यायालयापर्यंत पोहोचलंच पाहिजे.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. मुलाला स्वतःच्या घरी राहायला नेता येत नाही आणि त्याची गोष्ट कुठे सांगता येत नाही. पाळता येणार नाही असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण मोडलेली वचनं या मुलांनी आधीच भरपूर पाहिलेली असतात. शिवाय एक धोका कायम असतो. मुलांना घरातून हलवण्याचं सर्वांत मोठं नोंदलेलं कारण दुर्लक्ष हे आहे, आणि गरिबी पुष्कळदा दुर्लक्षासारखी दिसते. या व्यवस्थेत कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी कुटुंबांतली मुलं लोकसंख्येच्या मानानं जास्त आहेत, तर स्वयंसेवक बहुतांशी सुस्थितीतल्या गोऱ्या स्त्रिया आहेत. रिकामा फ्रिज पाहून आईला दोषी ठरवायचं, की तिला मदत मिळवून देण्याची शिफारस करायची, हा प्रश्न स्वयंसेवकानं प्रत्येक भेटीत स्वतःला विचारायला हवा.

मुलं मोठी होतात तेव्हा पाठीराख्याचं काम बदलतं. अमेरिकेत दर वर्षी हजारो तरुण कायमचं कुटुंब न मिळताच या व्यवस्थेतून बाहेर पडतात. जन्मदाखला, बँक खातं, कॉलेजचा अर्ज, भाड्याची खोली, हे सगळं त्यांना एकट्यानं करायचं असतं. २००८च्या कायद्यानं राज्यांना फोस्टर केअरची मदत २१ वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. पण ती मिळवायला कागदपत्रं लागतात आणि ती वेळेत गोळा करायला कोणीतरी सोबत लागतं.

आपल्याकडे कासासारखी व्यवस्था कायद्यात नाही. २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार असे निर्णय बालकल्याण समिती घेते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. प्रत्येक मुलाचा सामाजिक तपास अहवाल आणि वैयक्तिक देखभाल आराखडा व्हावा, असा नियम आहे. कलम ४४मध्ये प्रतिपालकत्वाची सोय आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून नातेवाइकांना किंवा एकल पालकाला मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, मदत आहे आणि अपवाद म्हणून ती २३पर्यंत वाढवता येते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलाला सहायक व्यक्ती देण्याची तरतूद पोक्सो कायद्याच्या २०२०च्या नियमांत आहे. त्यातल्या त्यात कासाच्या जवळ जाणारी तीच.

म्हणजे कागदावर बरंच काही आहे. कमी पडतो तो पाठपुरावा करणारा माणूस. बालगृहात वाढदिवसाचं जेवण देणारी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्या मुलांना दर पंधरवड्याला येणाऱ्या, दहावीचा अर्ज भरताना शेजारी बसणाऱ्या आणि अठराव्या वर्षानंतरही फोन उचलणाऱ्या माणसाची गरज जास्त आहे. अशा कामासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी. परवानगी आणि पडताळणीला वेळ लागला तर कुरकुरू नये, ती मुलांच्या सुरक्षिततेसाठीच असते. आणि निदान दोन वर्षं देता येणार असतील, तरच सुरुवात करावी. अर्ध्यावर निघून जाणारी माणसं या मुलांच्या वाट्याला आधीच खूप आली आहेत. टिकून राहण्याची तयारी असेल, तर वकिली येत नाही, पैसा नाही, ओळखी नाहीत, अशा सबबींना काही अर्थ उरत नाही. सिअ‍ॅटलला डबा घेऊन आलेले ते पन्नास जणही साधे नागरिकच होते.