बोल्ट बसले म्हणजे गिअरबॉक्स बसला? जुन्या जीपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या महिंद्रा जीपमध्ये दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, इंजिन किंवा डिफरन्शियलचा हौजिंग बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ एकाच समजुतीत असते: भोके जुळली आणि बोल्ट आवळले गेले की भाग बसला. वस्तुस्थिती अशी की भाग बसतो तो लांबी, खोली, केंद्र, कोन आणि गिअरचे प्रमाण जुळल्यावर. बोल्टची भोके ही त्यातली सर्वांत सोपी बाब आहे. चांगला लेथवाला ॲडॉप्टर प्लेट करून ती जुळवून देतो. बाकीची मापे जुळली नाहीत तर ती प्लेटही उपयोगाची नाही.

‘जीप ती जीप, सगळ्यांचे सामान एकच’ हा दुसरा पक्का समज. त्याला कारणही आहे. मुंबईत १९४७ पासून विलिसच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढची कित्येक दशके गाडीची बाहेरची ठेवण फारशी बदलली नाही. आतले सामान मात्र बदलत गेले. आधी २,१९९ सीसीचे हरिकेन पेट्रोल इंजिन होते. मग इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन आले, आणि १९७९ मध्ये प्यूजोशी झालेल्या करारानंतर एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचे डिझेल. तीन गिअरच्या टी-९० बॉक्सनंतर चार आणि पाच गिअरचे बॉक्स आले. शिवाय गाडी दोन-तीन हातांतून गेलेली असेल तर तिच्यात कोणाचे काय बसवले आहे, हे वरून कळत नाही. म्हणून आरसी बुकातले साल सांगून सामान मागवू नये. कास्टिंगवरचा नंबर, दातांची संख्या आणि प्रत्यक्ष माप यांवरच भरवसा ठेवावा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात तिथले नुकसान सर्वांत महागात पडते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून आरपार जातो आणि त्याचे टोक क्रँकच्या मागच्या तोंडातील पायलट बुशमध्ये शिरते. बॉक्स पुढे सरकवताना शेवटी दोन-तीन सुतांची फट राहिली, तर ‘बोल्टने ओढली की मिटेल’ असे समजून पाना फिरवला जातो. फट मिटते, पण ती कशामुळे राहिली होती हे कोणी पाहत नाही. शाफ्ट लांब असल्यामुळे त्याचे टोक तळाला टेकले असेल, तर आवळताना तो संपूर्ण क्रँकला पुढे रेटतो. थ्रस्ट वॉशर काही दिवसांत खाल्ला जातो, नाहीतर क्लच हाऊसिंगचा कान तुटतो. क्लच प्लेटचे दात अडले असतील तर प्लेटचा हबच वाकतो.

हे टाळण्यासाठी दोन मापे पुरतात. हाऊसिंग इंजिनावर बसवून त्याच्या मागच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरायची आणि तिथून पायलट बुशच्या जागेचा तळ किती आत आहे ते व्हर्नियरच्या डेप्थ पट्टीने मोजायचे. ॲडॉप्टर प्लेट असेल तर तिची जाडी या मापात मिळवायची. मग गिअरबॉक्सच्या तोंडापासून शाफ्टचे टोक किती बाहेर येते ते मोजायचे. पहिले माप दुसऱ्यापेक्षा थोडे जास्त हवे. ते कमी असेल तर जाड प्लेट लागते. फारच जास्त असेल तर टोक बुशमध्ये अर्धवट शिरते, डगमगते आणि क्लच दाबूनही गिअर खरखरतो. क्लच प्लेटही दोन्हीकडची जुळवून घ्यावी लागते: बाहेरचा व्यास प्रेशर प्लेटला आणि मधले दात गिअरबॉक्सच्या शाफ्टला. क्रँकच्या आणि हाऊसिंगच्या केंद्रातला फरक ०.१३ मिलिमीटर, म्हणजे पाच थाऊ, याच्या आत असावा. तो डोळ्यांना दिसत नाही. फ्लायव्हीलला डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवत हाऊसिंगच्या भोकाची कड तपासावी लागते. बॉक्स वारंवार गिअर सोडत असेल तर दोष पुष्कळदा बॉक्सचा नसून या केंद्राचा असतो.

गिअरबॉक्स बदलला की ट्रान्सफर केस जागेवरून हलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेला असतो. नवा बॉक्स लांब असेल तर तो तितकाच मागे जातो, मागचा प्रोपेलर आखूड होतो आणि पुढचा लांब करावा लागतो. सीजे-३बी च्या दोन ॲक्सलमधले अंतर अवघे ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर असल्याने मागे जागा मुळातच कमी. ‘पाइप कापला, वेल्ड मारला, झाले’ हा समज इथे नडतो. ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल यांच्या उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक आणि मध्ये ६० सेंटिमीटरचे अंतर असेल तर प्रोपेलरचा कोन सुमारे १४ अंश येतो. तेच अंतर ४५ सेंटिमीटर झाले की कोन १८ अंशांच्या पुढे जातो. प्रोपेलरच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. १० अंशांवर हा चढउतार दीड टक्का असतो, २० अंशांवर सहा टक्के, ३० अंशांवर जवळजवळ पंधरा टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि दोन्ही योक एका रेषेत असतील तरच मागचा क्रॉस पुढच्याचा चढउतार खोडून काढतो. वेल्ड करताना एक योक थोडा जरी फिरला तर नवा क्रॉससुद्धा थरथर थांबवू शकत नाही. माप घ्यायचे तेही गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. जॅकवर स्प्रिंग लोंबतात आणि लांबी चुकते. स्लिप जॉइंट दोन्ही बाजूंना सरकायला जागा ठेवून मधोमध असावा, आणि पाइपचे बॅलन्सिंग करून घ्यावे.

मागचा हौजिंग निवडतानाही असाच घोळ होतो. जुन्या जीपच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसचे तोंड उजवीकडे असते, म्हणून तिचा डिफरन्शियलही उजवीकडे असतो. बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांचा डिफरन्शियल मधोमध असतो. तसा हौजिंग बसवला तर प्रोपेलर खाली जातो तसा आडवाही जातो, आणि दोन्ही कोन मिळून क्रॉसवर ताण येतो. स्प्रिंगच्या गाद्या जुळल्या, एवढ्यावर हौजिंग घेऊ नये.

‘पुढचा डिफरन्शियल वेगळ्या प्रमाणाचा असला तरी चालतो’ हा समज मात्र सरळ घातक आहे. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल तर फोर बाय फोर लावल्यावर पुढची चाके दहा फेरे करतात तेवढ्यात मागची अकरा करू पाहतात. चिखलात चाके घसरून हा फरक खपतो. कोरड्या, खडकाळ जमिनीवर तो खपत नाही. लीव्हर अडकतो, टायर खाल्ले जातात, शेवटी शाफ्ट किंवा ट्रान्सफर केसचा गिअर तुटतो. प्रमाण काढायला काही उघडावे लागत नाही. पुढच्या चाकांना दगड लावून गाडी न्यूट्रल करायची, मागचे एकच चाक जॅकवर उचलायचे, त्या चाकावर आणि प्रोपेलरवर खडूने खूण करायची. उचललेले चाक नेमके दोन फेरे फिरवायचे आणि प्रोपेलरचे फेरे मोजायचे. पाच फेरे पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त आले तर प्रमाण ५.३८, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८. पुढच्या हौजिंगलाही हीच रीत, मात्र दगड मागच्या चाकांना.

कोणते प्रमाण घ्यायचे हे गाडी कुठे चालते यावर ठरते. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले तेरखेडा सोलापूर–धुळे महामार्गावर आहे आणि परिसर बालाघाटच्या माळरानाचा. तिथल्या जीपला डांबरी हमरस्ता आणि दगडगोट्यांची शेतवाट, दोन्ही चुकत नाहीत. ६.००-१६ टायरचा एक फेरा सुमारे २.२ मीटरचा. त्या हिशेबाने ताशी ६० किलोमीटरला टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वर सुमारे २,४५० फेरे घेते, ४.२७ वर सुमारे १,९५०. महामार्गावर हा फरक कानाला लगेच कळतो. पण प्रमाण कमी केले की चढावरची ओढही तितकीच घटते.

याच कारणाने ‘मोठे इंजिन टाकले की जीप कुठेही चढेल’ हे खरे नाही. टी-९० चा पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा लो सुमारे २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८ यांचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. म्हणजे इंजिनाचा पीळ चाकापर्यंत जवळजवळ ३७ पट होऊन पोहोचतो. चढ चढवतो तो हा गुणाकार. इंजिन जड झाले की पुढचे स्प्रिंग बसतात, ऑइल चेंबर ॲक्सलला लागू शकते, आणि वाढलेला पीळ त्याच जुन्या शाफ्टवर येतो. इंजिन बदलायचेच असेल तर त्याआधी लो गिअर आणि डिफरन्शियल तपासून घेतलेले बरे.

‘आतले काम आहे, कोण बघतो’ हा शेवटचा समज. गिअरबॉक्सची नोंद आरसीवर नसते, पण इंजिन क्रमांकाची आणि इंधनाची असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा तपशील विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावले. अपघातानंतर विम्याच्या तपासणीत इंजिन क्रमांक ताडून पाहिला जातो. म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात परवानगीची चौकशी करावी, आणि इंजिन कोणाकडून घेतले याचे बिल व मूळ गाडीची कागदपत्रे ताब्यात घ्यावीत.