संगणकाचं दुखणं-खुपणं (भाग सातवा) : डिस्क नेमकी कुणाला दिसत नाही?

गेल्या आठवड्यात रॅमचं प्रकरण संपवलं. आज त्याहून घाम फोडणारं दुखणं घेऊ. यंत्र सुरू होतं, पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह झळकतं आणि मग काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ येऊन थांबते : 'नो बूटेबल डिव्हाइस'. जुन्या यंत्रांवर हीच ओळ 'डिस्क बूट फेल्युअर' अशी येते, काहींवर 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'. शब्द कंपनीगणिक बदलतात, तक्रार एकच. जिच्यावरून विंडोज उचलायचं ती डिस्क यंत्राला सापडली नाही, किंवा सापडली पण तिच्यावर विंडोज मिळालं नाही.

ही ओळ एखाद्या शहरी घरात उमटली तर फार तर मुलांचा अभ्यास खोळंबतो. मध्य प्रदेशात, सौंसर भागातल्या मोहगावसारख्या गावात ती बहुधा ऑनलाइन कामांच्या दुकानात उमटते, आणि तिथे बाकावर माणसं बसलेली असतात. कुणाला समग्र आयडीत नाव जोडायचं असतं, कुणाला खसरा-खतौनीची नक्कल हवी असते, कुणाच्या मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख असते. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघाल्या आणि त्यांचा नवा जिल्हा झाला. दुकानांची घडी मात्र तीच राहिली. पाटी हिंदी, गिऱ्हाईक मराठी आणि पडद्यावरची तक्रार इंग्रजी. मग नागपूरला फोन जातो : "भाऊ, हार्डडिस्क दिसून नाही राहिली." पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : "गेली असंन. डब्बा घेऊन या, नवी टाकून देऊ."

हे 'गेली असंन' मला मान्य नाही. संत्र्याच्या बागेत एका झाडाला पाणी पोचत नसलं तर कुणी झाड उपटत नाही. आधी मोटर बघतो, मग व्हॉल्व्ह, मग ठिबकची नळी. डिस्कच्या बाबतीत मात्र पहिला हात झाडालाच पडतो.

तेव्हा डब्बा उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा : डिस्क नेमकी कुणाला दिसत नाही? बायोसला (म्हणजे विंडोजच्या आधी जागी होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीला), विंडोजला, की फक्त तुम्हाला? यंत्र सुरू होताच एफ२ किंवा डिलीटची कळ दाबत राहिलं की बायोसचा पडदा उघडतो. एचपीच्या यंत्रांवर बहुधा एफ१०. तिथे जोडलेल्या डिस्कची नावं असतात. तुमच्या डिस्कचं नाव तिथे आहे की नाही, यावर पुढची सगळी वाट ठरते.

त्याच पडद्यावर आणखी एक गोष्ट बघून घ्या : तारीख. यंत्र कित्येक वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला आहे. सीआर२०३२ हे त्याचं नाव, दाब ३ व्होल्ट; घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो संपला की बायोसच्या जपून ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि यंत्र कारखान्यातून निघालं तेव्हाच्या मांडणीवर परत जातं. आधी कुणीतरी डिस्कची पद्धत एएचसीआय ठेवलेली असते, ती परत आयडीई किंवा रेड होऊ शकते. मग डिस्क बायोसमध्ये ठणठणीत दिसते, पण विंडोज अर्ध्यात निळा पडदा दाखवतं आणि खाली 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहितं. तसंच लेगसी आणि यूईएफआयचं. जुन्या पद्धतीने टाकलेलं विंडोज यंत्राने नव्या पद्धतीने शोधलं तर ते सापडत नाही. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : पूर्वी होती ती मांडणी परत लावा. ना फॉरमॅट मारायची गरज, ना नवी डिस्क. आणि हो, मागे खोचलेला पेनड्राइव्ह काढा. यंत्र त्याच्यावरच विंडोज शोधत बसलेलं असू शकतं. हे सांगायला लाज वाटावी इतकं साधं आहे, म्हणूनच राहून जातं.

आता खरी अडचण : बायोसमध्येच नाव नाही. इथून पुढे हाताचं काम. भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढून घ्या, मग डब्ब्याचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. डाव्या बाजूचा पत्रा काढा. डिस्कला दोन जोड असतात. अरुंद जोड माहितीचा, सात टोकांचा. रुंद जोड विजेचा, पंधरा टोकांचा. दोघांच्या खाचा इंग्रजी 'एल'सारख्या, म्हणजे उलटे बसत नाहीत, पण सैल मात्र होतात. लोखंडी चाप नसलेली स्वस्त केबल पंख्याच्या थरथरीने हळूहळू बाहेर सरकते. पावसाळ्याच्या ओलीने टोकांवर थर चढतो, आत पाली आणि उंदीर वस्तीला येतात, आणि उंदराने कुरतडलेली केबल वरून धड दिसू शकते. जोड सरळ ओढून काढा, पुन्हा सरळ बसवा. वाकडा जोर लावला तर डिस्कवरची प्लास्टिकची पातळ जीभ तुटते आणि पाच मिनिटांचं काम नागपूरच्या फेरीवर जातं.

तरीही दिसली नाही तर दुसरी केबल लागेल. गावात ती कुठे मिळणार? डब्ब्यातच. डीव्हीडी रायटर आता कोण वापरतं! त्याला लागलेली माहितीची केबल आणि विजेचा जोड हे दोन्ही डिस्कच्याच जातीचे असतात. रायटरचे दोन्ही जोड काढून डिस्कला लावा, माहितीची केबल मदरबोर्डवर रायटरच्याच ठिकाणी राहू द्या. एकाच हालचालीत केबल, विजेची तार आणि मदरबोर्डवरची जागा असे तिन्ही संशयित बदलले जातात. डिस्क दिसली तर ती निर्दोष सुटली. मग तिघांतला गुन्हेगार सावकाश शोधा.

यंत्र परत लावल्यावर डिस्कवर बोट टेकवून ठेवा. मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर वीज मिळताच बारीक थरथर आणि घुं घुं असा वर चढत जाणारा आवाज यायला हवा. आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ही मोटर पिवळ्या तारेतून येणाऱ्या १२ व्होल्टवर चालते, पोटाखालची सर्किटची पट्टी लाल तारेतल्या ५ व्होल्टवर. डब्ब्याला वीज पुरवणारं एसएमपीएस थकलं आणि १२ व्होल्ट पडले तर पट्टी जागी राहते, तबकडी फिरत नाही. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क नुसत्या ५ व्होल्टवर चालते, म्हणून एकाच डब्ब्यात छोटी डिस्क चालते आणि मोठी रुसते, असंही घडतं. दुकानदार मोठीला दोष देतो. दोष एसएमपीएसचा असतो.

अजिबात थरथर नाही आणि दुसऱ्या डब्ब्यातही तेच, तर डिस्कच्या पोटाखालची हिरवी किंवा निळी पट्टी गेली असावी. विजेचा दाब एकाएकी उसळला की या पट्टीवरचा बारीकसा संरक्षक डायोड स्वतः जळून आतलं वाचवतो. तो बदलून डिस्क उठते, पण ते जाणकाराचं काम. तशीच दुसरी डिस्क आणून पट्टीची अदलाबदल करायची युक्ती जुनी आहे. आजच्या डिस्कवर ती सहसा चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं पट्टीवरच्या चिपमध्ये भरलेली असतात, ती चिपही सोबत हलवावी लागते.

आणि आवाज 'टक... टक... टक' असा येत असेल तर तिथेच थांबा. वाचणारं डोकं तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना पृष्ठभाग ओरखडला जाऊ शकतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं, टेबलावर आपटणं असले उपाय मोबाइलवर फिरत असतात. उरलीसुरली आशा घालवायची असेल तर करून बघा.

बायोसला न दिसणारी डिस्क आतून शाबूत असू शकते, याचा मोठा दाखला २००९ च्या जानेवारीतला आहे. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या डिस्क रात्री धड असायच्या आणि सकाळी बायोसमधून गायब व्हायच्या. तबकडीला काही झालेलं नव्हतं, डोक्यालाही नाही. डिस्कच्या आतल्या प्रणालीत अशी चूक होती की नोंदवही एका ठरावीक जागी पोचलेली असताना वीज आली तर डिस्क स्वतःतच अडकून पडे. सीगेटने चूक कबूल केली, सुधारित प्रणाली दिली आणि अडकलेल्यांची माहिती फुकट काढून देण्याची तयारी दाखवली. त्या महिन्यात ज्यांनी चिडून डिस्क फेकली असेल त्यांनी शाबूत माहिती फेकली.

उलट दाखला एसएसडीचा. २०१९ च्या नोव्हेंबरात एचपी एंटरप्राइझने आपल्या काही सर्व्हर-एसएसडींबद्दल इशारा दिला : एकूण ३२,७६८ तास चालल्या, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आसपास, की त्या बंद पडतील, आणि मग माहितीही परत मिळणार नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून टकटक नाही, थरथर नाही, पूर्वसूचना नाही. काल होती, आज नाही. वेगासाठी ती जरूर घ्या, पण तिच्या शांततेवर विसंबू नका. नवी एम.२ एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क गायब झाली तर मात्र घाबरू नका : अनेक मदरबोर्डवर एम.२ ची जागा भरली की डिस्कच्या केबल लागतात त्यांपैकी एखादं साटा पोर्ट बंद होतं. जुनी डिस्क शेजारच्या पोर्टला लावा. तसंच इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना एकही ड्राइव्ह दिसत नाही. तिथे व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. नवाकोरा लॅपटॉप 'डिस्क खराब' म्हणून परत नेऊ नका.

राहिली तिसरी तऱ्हा : बायोसला दिसते, विंडोजला दिसते, तुम्हाला दिसत नाही. स्टार्टवर उजवी टिचकी मारून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिथे असेल आणि तिला फक्त अक्षर नसेल तर अक्षर द्या, काम झालं. पण विंडोज 'आधी फॉरमॅट करा' किंवा 'इनिशिअलाइज करा' म्हणालं तर हात आवरा. नव्या डिस्कवर 'हो', जुन्यावर 'नाही'. घाईच्या एका 'हो'ने जेवढ्या दुकानांतली माहिती गेली असेल तेवढी उंदरांनीही कुरतडली नसेल.

डिस्क पुन्हा दिसू लागली की पहिलं काम नकलेचं. दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालवून तब्येत बघा. त्यात 'सी७' क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा केबलचा दोष. '०५' किंवा 'सी५' वाढत असेल तर तबकडीचाच. अशा डिस्कवर पुन्हा विंडोज टाकू नका.

ऑनलाइन कामांच्या दुकानदारांसाठी एक वेगळी गोष्ट. समग्र, खसरा, परीक्षेचे फॉर्म हे सगळं सरकारी सर्व्हरवर असतं, ते तुमच्या डिस्कबरोबर जात नाही. डिस्कवर असतात त्या गिऱ्हाइकांच्या आधारच्या, बँकेच्या पासबुकाच्या, सहीच्या आणि फोटोच्या प्रती. गावातल्या निम्म्या घरांचे कागद एका 'स्कॅन' नावाच्या फोल्डरमध्ये. नागपूरच्या दुकानात नवी डिस्क टाकली की 'गेलेली' जुनी तिथेच राहते, कधी शे-दोनशेच्या बदल्यात, कधी तशीच. ती गेलेली नसेलही, हे एवढ्या पानभर सांगितलं. एक केबल बदलून ती कुणाच्याही टेबलावर उघडू शकते. म्हणून बिल करतानाच जुनी डिस्क परत मागा. दुरुस्तीला द्यायची असेल तर पावतीवर तिचा अनुक्रमांक लिहून घ्या. आणि निकालीच काढायची असेल तर सुताराकडून तबकडीच्या आरपार दोन-तीन छिद्रं पाडून घ्या. एसएसडी असेल तर पट्टीवरची प्रत्येक काळी चिप फोडा.

(पुढच्या आठवड्यात : यूपीएस, अर्थिंग आणि दुकानातली वायरिंग)