मांजराला दार कधी उघडायचं? पाच गैरसमज

बीड जिल्ह्यातल्या माळवदाच्या घरांत मांजराला वेगळं दार लागत नाही. झरोक्यातून, खिडकीतून ते हवं तेव्हा येतं-जातं. तरी त्याच्या वेळा ठरवणं घरच्यांच्या हातात असतं.

गैरसमज १: घरात ठेवलेलं मांजर झुरतं.
वस्तुस्थिती: मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं. बसायला उंच जागा, खिडकी, रोजचा खेळ आणि शी-शूसाठी वाळूचं घमेलं मिळालं, की पिल्लूपणापासून सवय असलेलं मांजर घरातही मजेत राहतं. बाहेर हिंडणाऱ्याला मात्र एकदम कोंडू नये, हळूहळू वळण लावावं.

गैरसमज २: रात्री उपाशी सोडलं तरच उंदीर धरतं.
वस्तुस्थिती: शिकारीची ऊर्मी भुकेवर अवलंबून नसते, पोटभर जेवलेलं मांजरही झडप घालतं. उपाशी मांजर उकिरडे धुंडाळत लांब जातं. मग रस्त्यावरची वाहनं, मोकाट कुत्री आणि विष खाल्लेले उंदीर त्याच्या जिवावर उठतात. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यालगतच्या गावांत तर जमिनीवर वावरणाऱ्या पाखरांच्या पिल्लांनाही अशा मांजराचा धोका असतो. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चपळ असतं. म्हणून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी जेवण द्या. ते आपणहून घरी येईल, मग दार लावा.

गैरसमज ३: मांजर घराला धरून असतं, माणसं नसली तरी भागतं.
वस्तुस्थिती: दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कित्येक महिने परतत नाहीत. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर किंवा शेजाऱ्यांवर मांजराचं अन्नपाणी सोपवूनच निघावं. सोबत नेलंच, तर नव्या जागी दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये. पोत्यात घालून वेशीबाहेर सोडणं हा तर मार्गच नव्हे: प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

गैरसमज ४: रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो.
वस्तुस्थिती: रेबीज झालेल्या मांजराच्या चाव्यातूनही तो होतो. मांजराला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर लस द्यावी, पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील तसे. मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

गैरसमज ५: मांजरी एकदा तरी व्यायला हवी.
वस्तुस्थिती: त्यानं तिच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते, म्हणून नसबंदी वेळेत करून घ्यावी.

म्हणून आधी लस आणि नसबंदी, मगच दार उघडा. आणि तेही दिवसाउजेडी.