सोर्स कोड की पॅकेज? आपल्या संगणक कक्षाचा एक निर्णय





१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांचे काय करावे, हा प्रश्न अनेक शाळांप्रमाणे आपल्यापुढेही आला. चालती यंत्रे भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर डेबियन लिनक्स बसवावे, असे आम्ही ठरवले. गोव्याला ही वाट नवी नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून परदेशातले वापरलेले संगणक येथील शाळांना मिळाले आणि त्या कामात लिनक्सचा उपयोग झाला होता.

या निर्णयानंतर दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. विद्यार्थी म्हणतात, “नवी आवृत्ती बाहेर आली आहे, तिचा सोर्स कोडही मिळतो, मग आपण जुनीच का वापरतो?” पालक विचारतात, “जे फुकट मिळते, त्याची काळजी कोण घेणार?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

सोर्स कोडपासून बसवणे

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो तो सोर्स कोड. माणसाला तो वाचता येतो, पण संगणकाचा प्रोसेसर तो तसाच चालवू शकत नाही. कंपायलर त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. लिनक्सवर हे काम बहुधा तीन पायऱ्यांनी होते. ‘कॉन्फिगर’ ही पायरी आपल्या संगणकावर लागणारे सर्व साहित्य आहे का, ते तपासते. ‘मेक’ कंपाईल करते. ‘मेक इन्स्टॉल’ तयार झालेल्या फायली जागच्या जागी ठेवते. एखादी लायब्ररी नसेल तर पहिल्याच पायरीवर काम अडते. ती शोधून आणावी, तर तिला आणखी दुसरी लागते. छोटा प्रोग्राम काही सेकंदांत तयार होतो, पण लिबर ऑफिससारखा मोठा प्रोग्राम जुन्या संगणकाला कित्येक तास गुंतवून ठेवतो.

पॅकेज वापरणे

पॅकेज त्याच सोर्स कोडपासून तयार होते. फरक इतकाच, की कंपाईल करण्याचे काम डेबियनने आधीच केलेले असते. प्रत्येक पॅकेजची देखभाल करणारी व्यक्ती किंवा गट ठरलेला असतो. त्याला कोणत्या लायब्ररी लागतात, त्याची यादी पॅकेजसोबतच येते. ‘एपीटी’ला एक आज्ञा दिली, की ते पॅकेज आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकदम आणते, डिजिटल सही तपासते आणि कोणती फाईल कुठे ठेवली याची नोंद ठेवते. त्यामुळे पुढे पॅकेज काढून टाकणेही सोपे जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशी सुमारे ६९ हजार पॅकेजेस आहेत.

चवथीला कोणी घरी चिकणमाती आणून गणपतीची मूर्ती घडवतो, बहुतेक जण ती चित्रशाळेतून आणतात. माती एकच, भक्तीही एकच. पण मूर्तीचे काही दिवसांनी विसर्जन होते, सॉफ्टवेअर मात्र वर्षानुवर्षे वापरायचे असते. म्हणून ते घडवले कोणी, यापेक्षा पुढे त्याची निगा कोण राखणार, हे पाहणे अधिक आवश्यक आहे.

एकच प्रोग्राम, दोन प्रती

‘जीएनयू हॅलो’ नावाचा एक चिमुकला प्रोग्राम आहे. तो फक्त नमस्काराचा एक संदेश दाखवतो. तो सोर्स कोडच्या रूपातही मिळतो आणि डेबियनमध्ये त्याचे पॅकेजही आहे. समजा, एका विद्यार्थ्याने तो सोर्सपासून बसवला. तो ‘यूएसआर लोकल’ या विभागात गेला. पुढे दुसऱ्याने त्याचेच पॅकेज बसवले. ते वेगळ्या विभागात गेले. आता ‘हॅलो’ टाईप केल्यावर कोणती प्रत चालेल? सर्वसाधारणपणे ‘लोकल’ विभागातली, कारण संगणक तिथे आधी पाहतो. पॅकेजमध्ये कितीही सुधारणा आल्या, तरी पडद्यावर जुनीच प्रत येत राहते. ‘एपीटी’च्या नोंदवहीत तिचा उल्लेखच नसल्याने ती तिला बदलतही नाही. ‘हॅलो’च्या बाबतीत हा गमतीचा भाग झाला. इंटरनेटशी जोडणाऱ्या एखाद्या लायब्ररीच्या बाबतीत हेच घडले, तर ती शाळेच्या जाळ्यातली उघडी खिडकी ठरते.

आकडा जुना, पण दुरुस्ती नवी

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत प्रोग्रामचा आकडा मागे असतो, हे खरे. परंतु सुरक्षेची एखादी चूक सापडली, की तिच्यापुरती दुरुस्ती त्याच जुन्या आवृत्तीत घालून पाठवली जाते. म्हणून नुसता आकडा पाहून ‘हे कालबाह्य आहे’ असे म्हणू नये. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. पॅकेज वापरणाऱ्यांना दुरुस्ती नेहमीच्या अपडेटमधून मिळाली. ज्यांनी ती लायब्ररी स्वतः कंपाईल केली होती, त्यांना ते सगळे काम पुन्हा हाताने करावे लागले.

पॅकेज करणाऱ्यांच्या हातूनही चुका होतात. २००६ मध्ये डेबियनने याच ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे तिने तयार केलेल्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या होत्या. हे मे २००८ मध्ये लक्षात आले आणि असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या.

उलट, सोर्स कोड म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या प्रोग्राममध्ये मुद्दाम घातलेला चोरदरवाजा उघड केला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा तो शोध घेत होता. चोरदरवाजा उघडणारा एक तुकडा सर्वांसमोर असलेल्या कोडमध्ये नव्हता. तो फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात होता. डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत तो पोहोचला होता, स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र पोहोचला नव्हता. थोडे मागे राहण्याचा हा फायदा.

मराठीच्या दृष्टीने

पदवीपर्यंतचे आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मराठी मजकुरात आले, की आमच्या ते चटकन लक्षात येते. रेड हॅटने खुल्या केलेल्या आणि पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळलेल्या ‘लोहित देवनागरी’ या फॉन्टमध्ये मराठी वळणाच्या या अक्षरांची सोय आहे. मूळ फायली खुल्या असल्यामुळेच असे काम करता येते, आणि पॅकेज असल्यामुळे ते डिचोलीच्या शाळेत एका आज्ञेने पोहोचते. या दोन वाटा एकमेकींच्या विरोधात नाहीत. एक नसेल, तर दुसरीही उरणार नाही.

आम्ही काय ठरवले आहे

१. संगणक कक्षातील सर्व सामायिक संगणकांवर फक्त डेबियनची पॅकेजेस बसवली जातील. दर आठवड्याला अपडेट करून त्याची नोंद वहीत केली जाईल.

२. एक संगणक वेगळा ठेवला जाईल. त्यावर नववी व दहावीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ‘हॅलो’पासून सुरुवात करून सोर्स कोड कंपाईल करतील. तो बिघडला तरी चालेल, तो पुन्हा नव्याने बसवता येतो.

३. पायथन शिकणाऱ्यांनी ‘पिप’ने थेट सिस्टिममध्ये काही बसवू नये. डेबियन १२ पासून (२०२३) ती आज्ञा मुळातच नाकारली जाते. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ करावे.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. यात परवान्याचा खर्च नाही, पण शिक्षकाचा वेळ लागतो. वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याचा एक तास राखून ठेवावा. तो तास नसेल, तर उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअरही वर्षभरात धोक्याचे होते.

पालकांनी घरीही हेच धोरण ठेवावे. मोबाईलवर कुठून तरी आलेले ॲप बसवण्याआधी मुलांना एवढेच विचारा: “उद्या यात चूक सापडली, तर दुरुस्ती कोण पाठवणार?” उत्तर मिळाले नाही, तर ते बसवू नये.



मुख्याध्यापक